गरुडवीराचा निळा झगा

ती. आक्का,

परवा देशमुखांची सून रश्मी घरी आली आणि तुम्ही शिवलेला झगा चुकीचा आहे असं मला सांगून गेली. म्हणून हे पत्र. नाहीतर गेलेल्या माणसाला पत्र लिहिण्याची मला हौस नाही, हे तुम्ही जाणता. पण तुमची बाजू मांडायला आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही, आणि बाजू मांडायची तर आधी तुमच्याशी बोलून घ्यायला हवं.

तुम्ही म्हणाल, "मास्तरीन, सुरुवातीपासून सांग वं. मधातूनच कावून सुरू करून राहिली?" सांगते.

गरुडवीर परत आला आहे. हो, तोच! तुमच्या रद्दीतला, चोचीचा मुखवटा घालून छपरांवरून उड्या मारणारा. मधली कित्येक वर्षं त्याची पुस्तकं निघत नव्हती. आता जुन्या गोष्टी एकत्र करून जाडजूड, गुळगुळीत कागदाचं पुस्तक निघालं आहे. पोरांच्या अंगात त्याचे सदरे, हातात त्याचे चहाचे मग. त्यांचे आजोबासुद्धा ते पुस्तक मागवतात आणि कोणी बघत नाही असं पाहून वाचत बसतात. आणि आक्का, या पुस्तकात गरुडवीराचा झगा लाल आहे. लालभडक, सोनेरी काठाचा.

"काकी, ओरिजिनल रेड आहे," रश्मी म्हणाली. "आपला निळा कसा काय? आता सगळ्या मुलांना मालूम आहे ना. हसतील." यंदा गणपतीत झगा तिची मुलगी घालणार आहे. रश्मीने लाल झगा मागवूनही ठेवला आहे. तुमचा निळा झगा मंडळाच्या खोलीत काचेच्या कपाटात ठेवू, खाली तुमचं नाव लिहू, असं ती म्हणाली. मुलगी वाईट नाही. तुमचा मान ठेवायलाच आली होती.

मी म्हटलं, पुस्तक ठेवून जा. मी आधी वाचते.

निळा कसा, ते मला सांगता आलं असतं. तो तुमच्या भावाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, कारखान्यात घालून घालून विटवलेल्या डांगरीचा आहे म्हणून निळा. पण तेवढ्याने तिचं समाधान झालं नसतं. आणि खरं म्हणजे मलाही तेव्हा एवढंच माहीत होतं.

तुम्ही भिलाईला आलात तेव्हा सेक्टर सहामध्ये झाडं नव्हती. क्वार्टर होते, खांब होते, आणि लाल मुरमाची धूळ होती. पोलाद कारखान्याचा भोंगा झाला की सायकलींचा लोंढा एका बाजूला जायचा, दुसरा भोंगा झाला की परत यायचा. तुमचे भाऊ रोलिंग मिलच्या उभारणीवर चार्जमन. मी नागपूरहून बी.ए. करून आलेली, नव्या शाळेत नुकती लागलेली. आमचा अरुण सहा वर्षांचा. आणि तुम्ही पुलगावहून एक पत्र्याची पेटी आणि एक हातमशीन घेऊन उतरलात. तुमच्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं होतं. "चार महिने राह्यतो, मंग पाह्यतो," एवढंच तुम्ही म्हणालात.

दोन खोल्यांचा क्वार्टर. मी भिंतीतल्या कपाटाचा मधला कप्पा तुमच्यासाठी रिकामा केला. तुम्ही त्यात कधी काही ठेवलं नाहीत. लुगडी पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली कमरेला. रोज सकाळी पेटी उघडायची, लुगडं काढायचं, कुलूप लावायचं. फलाटावर बसलेल्या माणसासारखं! मला राग यायचा. मी एकदा विचारलंही, "आक्का, कप्प्याला काय धाड भरली आहे?"

"राहू दे वं. पाहुन्याची पेटी पाहुन्यापाशी बरी."

आणि तुमचा तो मावसभाऊ देविदास! दुर्ग लाईनवर गार्ड होता. आला की दारातूनच ओरडायचा, "बाई, रद्दी आणली, चहा टाक!" पोलक्यांची मापं कापायला तुम्हाला कागद लागायचा आणि तो स्टेशनच्या बुकस्टॉलवरून गठ्ठे आणायचा. स्टॉलवाल्यांची रीत त्यानेच मला सांगितली होती. न खपलेल्या अंकांची नुसती कव्हरं फाडून छापणाऱ्याकडे परत पाठवायची, त्याचे पैसे वळते होतात. आतली पानं रद्दीत. म्हणून तुमच्याकडे आलेल्या एकाही अंकाला कव्हर नव्हतं. आतली पानं काळीपांढरी. रंग असायचा तो कव्हरावर, आणि कव्हर तर गेलेलं. गरुडवीराचा झगा कोणत्या रंगाचा हे आपल्या अख्ख्या सेक्टरात कोणालाच माहीत नव्हतं. कसं असणार?

ती चित्रं आधी अरुणने पाहिली. तेव्हा त्याचं काय चाललं होतं आठवतं? शाळेत तोंड उघडायचा नाही. हिंदी येत नव्हती, आणि वर्गात मराठी बोलणारी तीन पोरं. भोंगा झाला की कानांवर हात. मी त्याला दरडावत होते. मास्तरणीला दुसरं काय येतं? तुम्ही मात्र मशीन चालवता चालवता एक पान त्याच्यापुढे सरकवलंत. "पाह्य, हा कोन होय थे?"

दुपारच्या वेळी आपला व्हरांडा भरायला लागला तो तेव्हापासून. आधी शेजारचा तेलुगू बोलणारा राव, मग एक सरदारांचा जग्गी, मग बंगाली बहिणी, मग कोण कोण, नावंसुद्धा लक्षात राहायची नाहीत. एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही, आणि सगळ्यांना गरुडवीर पाहिजे! मी शाळेतून येऊन चपला काढायची तर चपला ठेवायला जागा नसायची.

पण गोष्ट सलग कुठे होती? तुम्ही त्यातूनच बाह्या आणि गळे कापलेले असायचे. एका पानावर गरुडवीर चोरांच्या टोळीत सापडलेला, पुढच्या पानाला पोलक्याच्या बाहीएवढं भोक, आणि त्याच्या पलीकडे गरुडवीर खुशाल मोकळा. "काकी, आगे क्या हुआ?" पोरं विचारायची. आणि तुम्ही दोऱ्याचं टोक दातांनी तोडून सांगायचात. निम्मी हिंदी, निम्मी वऱ्हाडी. कोणाला कळलं नाही असं मी कधी पाहिलं नाही.

मी आतल्या खोलीत वह्या तपासायची. कान तुमच्याकडे नाहीत असं दाखवायची. खरं सांगते, असल्या पुस्तकांबद्दल माझं मत वाईट होतं. चित्रं बेताची, चोर सगळे एकाच तोंडवळ्याचे, शेवटी गरुडवीर जिंकणार हे पहिल्या पानावर ठरलेलं. मी ती पानं कधी वाचली नाहीत. फक्त भिंतीपलीकडून ऐकली. त्यामुळे तुम्ही सांगत होता ते सगळं छापलेलंच आहे, असं मी धरून चालले.

त्यात त्याची मोठी बहीण होती. मारामारी संपली, झगा फाटला, की गरुडवीर बहिणीकडे जायचा. ती म्हणायची, "आला का? आधी जेव. मंग झगा दे." तो जेवायचा, ती झगा शिवायची, गळ्याशी गाठ मारून द्यायची, आणि मग तो पुन्हा निघायचा. पोरांना मारामारीपेक्षा हेच जास्त आवडायचं. जग्गी विचारायचा, "काकी, आज खाने में क्या बनाया उसने?" आणि तुम्ही त्या दिवशी आपल्याकडे जे शिजलं असेल ते सांगायचात. गरुडवीराने आयुष्यभर अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर खाल्ली, आक्का!

मग गणपती आले. मंडळ नवीनच होतं. मुलांच्या कार्यक्रमात काय करायचं हे विचारलं तर साऱ्या भाषांमधून एकच उत्तर आलं. झगा कशाचा शिवायचा? नवं कापड आणायची ऐपत नव्हती आणि मी आणूही दिलं नसतं. तुम्ही भावाची विटलेली डांगरी उसवलीत. त्याच्या फाटक्या चामडी हातमोज्याची चोच केलीत. डांगरीवर ग्रीसचा एक डाग होता, तो निघाला नाही, तर तुम्ही म्हणालात, "राहू दे. उडून उडून मयला होते का नाई?"

झगा घातला अरुणने. रंगमंचामागून तो बाहेर जायला तयार नव्हता. तुम्ही गाठ मारलीत, कानात काहीतरी म्हणालात, आणि माझा मुका पोरगा बाहेर जाऊन खणखणीत हिंदीत बोलला. तुम्ही त्याच्या कानात काय म्हणालात, हे मी कधी विचारलं नाही. मास्तरणीने विचारायला हवं होतं, नाही का?

समोर बसलेले बाप आठवतात? कामावरून तसेच आलेले, अर्धेअधिक निळ्या डांगरीतच. त्यांच्याच कापडाचा झगा घालून गरुडवीर आला म्हटल्यावर काय टाळ्या पडल्या! जग्गीचे वडील उभे राहून ओरडले, "ओए, ये तो अपने प्लांट का आदमी है!" त्या दिवसापासून भिलाईतला गरुडवीर निळा झाला. दुसऱ्या रंगाचा असू शकतो हे कोणाच्या मनातही आलं नाही.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी तुमचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ, तुम्हाला न्यायला आले.

तो दिवस मला लख्ख आठवतो. ते खुर्चीवर बसले, पाणी प्याले, आणि म्हणाले, "भावसुनेले घेऊन जातो. वावरात मानूस कमी पडून राहिलं. नवीन आली तिले जमत नाई." तुमच्या नवऱ्याने टाकलेली बायको त्यांना शेतात राबायला हवी होती! तुमचे भाऊ खाली मान घालून बसले. माझ्या नवऱ्याबद्दल वाईट बोलत नाही, पण बहिणीच्या सासरच्यांपुढे त्यांची जीभ वळायची नाही. आणि तुम्ही उठलात आणि पेटीपाशी गेलात. पेटी भरायचीही नव्हती. भरलेलीच होती. फक्त उचलायची होती.

व्हरांड्यात पोरं वाट बघत बसली होती. राव दारात आला. भासऱ्यांना वर-खाली पाहिलं आणि म्हणाला, "काकी अभी नहीं जा सकती. कहानी आधी है."

"हे कोनाचे पोट्टे होय?" भासरे.

"आमचे," मी म्हटलं. "आणि आक्का कुठे जाणार नाहीत. माझी नोकरी त्यांच्यावर चालते. त्या गेल्या तर मला घरी बसावं लागेल, आणि मी घरी बसणार नाही. चहा घेऊन जा."

ते चहा न घेता गेले. बरंच झालं, दूध कमी होतं.

मग तुम्ही मला म्हणालात, "म्हनजे नोकरीपायी ठिवून घेतलं का मले?" डोळे मिचकावून म्हणालात, पण विचारलंत. आणि मी म्हटलं, "हो. दुसरं काय?" तुम्ही हसलात. मी वह्यांकडे वळले. माझ्या उत्तराचा दुसरा अर्धा भाग पोटातच राहिला. तो आता या पत्रात लिहिते: नोकरी तुमच्यावर चालत होतीच, पण घरात पाऊल टाकल्यावर तुमच्या मशीनचा आवाज आला नाही, तर मला आपण चुकीच्या क्वार्टरमध्ये शिरलो असं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर कपाटाचा मधला कप्पा भरलेला. लुगडी घडी घालून, वर तुमचा लाकडी कंगवा. पेटी रिकामी, पलंगाखाली. कुलूप तुम्ही कोळशाच्या खोलीला लावलंत. पेटीत ठेवलात फक्त तो झगा आणि चोच.

त्यानंतर सेक्टरात रीतच पडली. दर गणपतीला एक गरुडवीर, झगा तोच, आणि गळ्याची गाठ मोठ्या बहिणीने मारायची. ज्याला बहीण नाही त्याची तुम्ही मारायची. माणसं बदलली, क्वार्टर बदलले, कोणी सेक्टर दहाला गेलं, कोणी गाव सोडून. पण पोरगा झग्याच्या मापात आला की आई दारात उभी, "आक्का, यंदा आमच्याला?" गाठ बांधताना सख्ख्या बहिणी नाक मुरडायच्या आणि मग पहिल्या रांगेत बसून रडायच्या. तुम्ही गेल्यावरही रीत चालू राहिली. सगळ्यांना वाटायचं ही रीत गोष्टीतलीच आहे. मलाही.

आता परवाचं. मी भिंग घेऊन पुस्तक वाचायला बसले. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, परीक्षेचे पेपर तपासायची तसं. चोर तेच, उड्या त्याच. चित्रं मात्र मला वाटली होती त्यापेक्षा चांगली आहेत, एवढं कबूल करायला हवं. मी बहीण शोधत होते. पहिल्या गोष्टीत नाही. दुसऱ्या गोष्टीत नाही. मारामारी संपली की गरुडवीर एका बुरुजावर जाऊन एकटा बसतो. त्याला कोणी नाही. ना आई, ना बाप, ना बहीण. त्याचा झगा फाटतो आणि पुढच्या पानावर आपोआप धड असतो.

आक्का, सगळं पुस्तक संपलं. ती कुठेच नव्हती.

मी अरुणला फोन लावला. तो आता आजोबा आहे, तरी गरुडवीर म्हटल्यावर आवाज बदलतो. मी विचारलं, "ती बहीण गोष्टीत कुठे राहायची रे?"

"आधी टेकडीपलीकडे राहायची," तो म्हणाला, क्षणभरही न थांबता. "झगा शिवून झाला की आपल्या वाटेने निघून जायची. मग एकदा ती त्याच्याच घरी राहायला आली. आम्ही विचारलं, आत्या, आता ती जात का नाही? तर म्हणाली, तिने पेटी रिकामी केली."

मी फोन ठेवला. चष्मा पुसला. तो धुरकट झाला होता, एवढंच सांगते.

तुम्ही मला का नाही सांगितलंत? माझी एवढी भीती होती? भिंतीच्या एका बाजूला मी वह्यांवर लाल शेरे मारत होते आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही, बाहीएवढ्या भोकात, स्वतःसाठी जागा शिवत होता. मी शिकलेली, आणि मला वाटलं छापलेलंच आहे! यावर तुम्ही आता तिकडे हसत असाल. हसा. हक्क आहे.

इतकी वर्षं लोक मला विचारत आले की एवढ्या साध्या गोष्टीतला हा गरुडवीर टिकला कसा? मी म्हणायची, पोरांना उड्या आवडतात. आता वेगळं सांगेन. उड्या मारणारे पुष्कळ आले आणि गेले. हा टिकला, कारण त्याच्या गोष्टीत जिथे भोक होतं तिथे दर ठिकाणच्या माणसांनी आपापलं माणूस बसवलं असणार. दुसऱ्या गावी त्याचा झगा कोणत्या रंगाचा होता कोणास ठाऊक! आपल्याकडे तो निळा, आणि त्याला जेवायला वाढणारी बहीण होती. ज्याने तो लिहिला त्याचे आभार. त्याने त्याला एकटा ठेवला, म्हणून तुम्हाला जागा मिळाली.

आणि तुमचे आभार. हे मी तोंडाने कधी मानले नाहीत. माझी नोकरी झाली, अरुण बोलता झाला, आपलं घर भरलं, सारं तुमच्यामुळे. एवढंच वाक्य आहे. याला मी जास्त शब्द लावत नाही. लावले तर तुम्हीच म्हणाल, "बाप्पा, भाषन देऊन राहिली!"

आज सकाळी रश्मी आली. मी तिला पुस्तक परत दिलं आणि म्हटलं, यात बहीण नाही.

"म्हणजे? वो गाठवाली? ती कॉमिक्समध्ये नाहीच?"

"नाही."

"मग आम्ही इतके साल… माझ्या नवऱ्याला तर ताईंनी बांधलेली. फोटो आहे घरी. मग ते कशातलं आहे?"

"आमच्या घरातलं," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. पेटी, कुलूप, भासरे, बाही. पेटीतून झगा काढून तिच्या हातात दिला, तशी ती त्या ग्रीसच्या डागावरून बोट फिरवत बसली. मग म्हणाली, "काकी, लाल वापस करून टाकते. जो हसेल त्याला मी बघते." आणि लगेच, "पण हिला बहीण नाही ना. एकटीच आहे. गाठ कोण मारेल?"

तर आक्का, माझा शब्द घ्या. गाठ मी मारीन. बोटं वळत नाहीत, वेळ लागेल, कार्यक्रम थांबला तर थांबेल. आणि मी असेपर्यंत तुमचा झगा काचेत जाणार नाही. तो फाटला तर शिवू, शिवता येईनासा झाला तर दुसऱ्या कोणाची विटलेली डांगरी मागू. निळीच.

तुमची,
मास्तरीण

ता. क. आज रश्मीच्या हवाली केलं ते असं:
झगा, निळा, डांगरीचा. डाग धुवायचा नाही.
चोच, चामड्याची. उजव्या बाजूचा टाका सैल आहे, तो तिला दाखवला.
पेटी, पत्र्याची, पुलगावहून आलेली.
कुलूप नाही. तिने विचारलं, तर मी सांगितलं, या पेटीला ते लागत नाही.